म्हादीला दिलेला आवाज

नांदेडला कशाला चालली आहेस, असं पुण्यात मला तिघांनी विचारलं. शेजारच्या काकूंना वाटलं, गुरुद्वाऱ्याला. नवऱ्याला वाटलं, घरात बसून वैतागले म्हणून. मुलानं फोनवर सरळच विचारलं, "आई, तिकडं आता आपलं आहे कोण?" तिघांनाही मी "येळवशीला चालले" एवढंच सांगितलं, आणि तिघांनाही ते समजलं नाही.

समजणार कसं? येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीतल्या त्या दिवशी लातूरकडची गावंच्या गावं कुलपं लावून शेतात जातात. ज्वारीत कडब्याची छोटी कोप करून लक्ष्मी मांडतात आणि दिवसभर तिथंच जेवतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले हाताला धरून नेतात. पुण्याला गेल्यापासून मी एकदाही गेले नव्हते. दर वर्षी लातूरहून माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचा, महादेवीचा म्हणजे आमच्या म्हादीचा, फोन यायचा, दर वर्षी माझं रेकॉर्डिंग असायचं.

या वर्षी तिचा फोन आला नाही, मेसेज आला. "सुले, ये. बोलायचं हाय." पुढं हसणारं तोंड काढलेलं. महादेवीचा आवाज दीड वर्षापूर्वी घशाच्या कॅन्सरमध्ये गेला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. त्या हसणाऱ्या तोंडाकडं मी कितीतरी वेळ बघत बसले.

माझं आडवं येणारं रेकॉर्डिंग तर केव्हाच संपलं होतं. मी आवाजावर जगलेली बाई. फोन लावल्यावर "कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करा" म्हणणारी, सरकारी योजनांची माहिती देणारी, मुलांना गोष्टी सांगणारी, अशी कितीतरी ठिकाणची ती बाई मी होते. मग एका स्टुडिओनं सांगितलं, चाळीस तास वाचून द्या आणि या कागदावर सही करा, पुढचं आमचं यंत्र बोलेल. मी सही केली नाही. त्यांना दुसरी कुणी मिळाली, आणि माझा फोन वाजायचा थांबला. तेव्हापासून मी एका वहीत यंत्रांच्या चुका लिहून ठेवत होते. कुठं काय चुकीचं वाचलं, कुठं अर्थाचा अनर्थ केला. लोक देवाजवळ मुलाबाळांसाठी मागतात, मी ही कृत्रिम बुद्धी एकदाची तोंडावर आपटू दे, असं मागायचे. खोटं कशाला सांगू?

नांदेड

येळवशीला अजून तीन-चार दिवस होते, म्हणून आधी जुन्या ओळखीच्या नांदेडला आले. पहाटे गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनवर कडाक्याची थंडी होती. गोदावरीवर धुकं होतं. लंगरमध्ये मांडी घालून गरम डाळ-रोटी खाल्ली आणि अकराच्या सुमाराला रशीदभाईंच्या दुकानात गेले.

कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी नांदेडला मावशीकडं राहत होते. रशीदभाईंची साऊंड सर्व्हिस होती. लग्नाला भोंगे, सभेला माइक, आणि रिक्षातून फिरवायच्या जाहिरातींच्या कॅसेटी. त्या कॅसेटीत बोलायला त्यांनी मला घेतलं. "चला चला चला! आपल्या नांदेड शहरात प्रथमच!" असं ओरडत गल्लीबोळातून फिरणारी बाई मीच. सर्कस, साड्यांचा सेल, कुस्त्यांचा फड, हरवलेलं पोर. दुकानाचं शटर ओढून आत रजया टांगायच्या, म्हणजे बाहेरचा आवाज येत नसे. मे महिन्यात त्या रजयांच्या मधे उभं राहून मी घामाघूम होऊन ओरडायचे, आणि चुकले की सगळं दुकान हसायचं.

आता रशीदभाई अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दाढी कापसासारखी झाली आहे. मला बघून उठले, पुन्हा बसले आणि चहा सांगितला. फळीवर जुना अॅम्प्लिफायर फडकं टाकून ठेवलेला.

"कॅसेटी कोण भरतं आता?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला, काही तरी टाइप केलं. फोनमधून एक बाई बोलली. गोड, गुळगुळीत, श्वास न घेता. साड्यांच्या सेलचीच जाहिरात होती. शेवटी ती म्हणाली, "पत्ता, डेगलूर नाका."

मी खो खो हसले. नांदेडमध्ये देगलूर नाक्याला डेगलूर म्हणणारी बाई! वहीत लिहायला मी पर्स उघडली.

"हसू नक्को बेटा," रशीदभाई म्हणाले. "पैले मी बी हसलो. मग बघ, तू पुण्याला गेली. तुज्यानंतरची पोरगी लगीन करून हैद्राबादला गेली. पोरं म्हनले, अब्बा, दुकान बंद करा. मी बाई कुठून आणू? ही हाय तर दुकान चालू हाय."

"म्हणजे तुम्हाला बरी वाटते ती?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "कामाची हाय. पन ती चुकती तवा हसत नाय. दुकानात मी एकटाच असतो आता." मग माझ्याकडं बघून विचारलं, "तू काय मागती दुवा में? ही मशीन डुबावी?"

"हो," मी म्हणाले.

"मग मी बी डुबतो की तिच्यासंगं." ते हसले. मला हसू आलं नाही. ज्या माणसानं मला पहिल्यांदा माइकसमोर उभं केलं, त्याच्या म्हातारपणाच्या भाकरीवर मी रोज देवाजवळ धोंडा मागत होते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

निघताना त्यांनी अर्धापूरच्या केळींची फणी हातात दिली. "आणि हे बघ, तुला आवाजाचं एवढं हाय, तर नायगावकडं जा. माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची बायको हाय, कमलबाई. तिकडं बाया फोनला बोलायला शिकवून राहिल्या."

नायगावच्या अलीकडचं एक गाव

दुसऱ्या दिवशी नायगावच्या वाटेवर उतरून मी कमलबाईंचं घर विचारत गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर पिवळी झाली होती, हळदीची पानं वाळायला लागली होती. घरात सून तांदूळ निवडत होती. तिनं ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडं खूण केली. खोलीत बाजेवर वाकळ घेतलेलं काही तरी हलत होतं आणि आतून आवाज येत होता.

"ही बाई भेंडी घेऊन राहिली. पर तिचं ध्यान भेंडीत न्हाई. पोरगं कुठं गेलं ते बगायली. पोराच्या पायात चप्पल न्हाई. लई चटके बसत असतील बिचाऱ्याला."

वाकळ बाजूला झाली. पन्नाशीच्या कमलबाई घामेजल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या. हातात फोन होता, फोनवर बाजाराचं चित्र होतं. चित्र बघून आपल्या बोलीत सांगायचं, की ते यंत्राला शिकवणाऱ्या कंपनीकडं जातं. शेरडं ओरडतात म्हणून वाकळ. मला रशीदभाईंच्या रजया आठवल्या. एवढ्या वर्षांनी कुणी तरी बाई तशीच घामाघूम होऊन बोलत होती.

"कशासाठी करता हे?" मी विचारलं.

"सांगते की," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "आमची सहा एकर जमीन हाय, हळद असती. औंदा पानावर ठिपके पडले. सून म्हनली, फोनला इचारा. म्या इचारलं, हळदीवर करपा आलाय, काय करू? तर त्यानं काय सांगावं? नवरीच्या हळदीला दुधाची साय मिसळा, रंग उजळतो!"

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मीही हसले. ही चूक वहीत सोन्याच्या अक्षरांनी लिहायची होती.

"तवा ठरिवलं," कमलबाई म्हणाल्या, "त्याला आपलं बोलनं शिकवावं. सायब लोकाचं बोलनं त्याला येतंय. आमचंच येत न्हाई, म्हनून आमचीच हळद करपायची का?"

मी पर्सकडं नेलेला हात मागं घेतला. मग गंमत म्हणून म्हणाले, मीही एक चित्र सांगते. वाकळ घेतली, अंधारात फोन धरला आणि बोलले. विहिरीचं चित्र होतं. पाच वाक्यं, एकही अडखळ नाही. सुनेनं ती ऐकली आणि संकोचून म्हणाली, "मावशी, तुमी रागवू नका. तुमचं लई पुस्तकी हाय. त्यांना आसलं नको."

पुण्यात पहिल्या वर्षी एका साहेबांनी मला सहा महिने रोज एक तास बसवलं होतं. "'हाव' नव्हे, 'हो'. 'न्हाई' नव्हे, 'नाही'. लई हा शब्द विसरा." मी कंधारजवळच्या खेड्यातली. रात्रंदिवस जीभ घासून मी ती बोली काढून टाकली आणि त्याचा मला अभिमान होता. आता जगातलं सगळ्यात नवं यंत्र हात पसरून नेमकं तेच मागत होतं, आणि ते माझ्याजवळ उरलं नव्हतं. कमलबाईंजवळ होतं.

ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि कांदा असं जेवण झालं. मी त्यांना विचारलं, "उद्या ते सगळं शिकलं, तर माणसांचं काय होईल, असं मनात येतं का?"

त्यांनी हात पुसले. "येतं. आता ही सून हळदीचं मला इचारती. उद्या फोनला इचारंल. मग मी कशाला हाय?" मग म्हणाल्या, "पर आडानी ठिवून त्याला तरी काय फायदा? शिकंल तर शानं शिकावं."

सून खालमानेनं म्हणाली, "मी तुमालाच इचारीन." आणि उठून ताट घेऊन गेली.

कंधार

लातूरला सरळ जाता आलं असतं, पण मी वाट वाकडी करून कंधारला गेले. किल्ल्याच्या खंदकात पाणी होतं. माझ्या शाळेला सुट्टी होती, आम्ही पाणी प्यायचो तो नळ मात्र होता तिथंच. फाटकाला धरून मी उभी राहिले. इथं "पाणी पेयलीस का?" असं विचारणारी मी होते, ती कुठं गेली, ते बघत होते म्हणा.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "म्याडम, बाहेरच्या दिसता. कुठं जायचं तुमाला?" इथलीच आहे रे बाबा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "कृपया लातूरचं एक तिकीट द्या." त्याची चूक नव्हती. पुढं लोह्याच्या आसपास एका आजींनी आपलं बोचकं माझ्या पिशवीवर ठेवलं आणि अर्धापूरच्या केळींचं शिकरण झालं. माझी शालही त्यात गेली.

लातूर

महादेवीनं दार उघडलं. गळ्याभोवती पांढरा मऊ रुमाल होता, कपाळाला विभूती. अंगानं निम्मी झाली होती. मी तिला मिठी मारली तेव्हा कानाशी फक्त श्वासाचा आवाज आला, गळ्यातून येणारा. पूर्वी हिच्या हसण्यानं हॉस्टेलच्या बाई वरच्या मजल्यावर यायच्या. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. ती लिंगायत व्यापाऱ्याची उदगीरची पोरगी, बोलताना मधेच कानडी शब्द टाकायची. मी कंधारकडची. पहिल्या वर्षाच्या शेवटी आमचं बोलणं इतकं एक झालं होतं, की दाराबाहेरच्याला कोण बोलतंय ते कळायचं नाही.

तिची मुलगी गौरी येळवशीसाठी हैदराबादहून आली होती. ती तिथं कंपनीत याच यंत्रांचं काम करते. तिनं आईला फोनमध्ये सोय करून दिली होती, लिहिलं की फोन बोलतो. महादेवीनं माझ्यासमोर टाइप केलं, "सुले आलीस बाई." फोन बोलला. तीच ती गोड, गुळगुळीत बाई. महादेवीनं तोंड वाकडं केलं, फोन पालथा टाकला आणि पाटी ओढून खडूनं लिहिलं, "ही बया कोण? मी न्हवं."

मग पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी सावकाश.

"तुजा आवाज दे."

मला आधी कळलंच नाही. गौरीनं सांगितलं. आईचा जुना आवाज कुठंच नीट सापडत नाही. लग्नाच्या व्हिडिओत आहे, पण वरून सनई आणि गाणी. एखाद्या माणसानं तासभर बोलून दिलं, तर त्याच्या आवाजात फोन बोलू शकतो. आईनंच तुमचं नाव काढलं.

मी पाटीवरचे ते तीन शब्द पुन्हा वाचले. जे मी स्टुडिओला दिलं नाही, ज्याच्यापायी काम गेलं, तेच ही मागत होती. मी गौरीला विचारलं, "रेकॉर्डिंग जाणार कुठं? उद्या माझा आवाज कुणीही कशालाही वापरला तर?"

"मावशी, मी माझ्याकडून सगळी काळजी घेईन," ती म्हणाली. "पण शंभर टक्के खात्री दिली तर ते खोटं होईल."

"तू रोज हेच करतेस ना? तुला काय वाटतं, हे यशस्वी व्हावं?"

गौरीनं फोन बाजूला ठेवला. "माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची नोकरी याच कामानं गेली. मीच तिचं काम यंत्राला शिकवलं होतं. आणि आईला बोलताही याच कामानं येणार आहे. मला रोज सकाळी वेगळंच वाटतं, मावशी."

महादेवी आमच्या तोंडाकडं बघत होती. तिनं पाटीवर लिहिलं, "नको तर नको. भाकरी खा." आणि खरोखरच उठून भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढायला लागली. राग नाही, रुसवा नाही. मी खाली मान घालून जेवले.

दुपारी उदगीरहून तिच्या थोरल्या बहिणीचा, शांताबाईंचा फोन आला. शांताबाईंची नजर गेली आहे, मेसेज वाचता येत नाहीत. त्यामुळं दोघींनी एक रीत केली होती. शांताबाई बोलायच्या आणि महादेवी फोनवर बोटानं टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"जेवलीस का?" टक्.

"औषिद घेतलीस?" टक्.

मग शांताबाईंचा आवाज बदलला. "तुज्या दुखन्याचं मला सा म्हैने सांगितली न्हाईस. सगळ्या जगाला ठावं, मला न्हाई. मी तुला परकी, हाय ना?"

टक् टक्. टक् टक्. टक् टक्. महादेवी बोट आपटत राहिली.

"मग कामून सांगितली न्हाईस?" फोन बंद झाला. हो किंवा नाही असं या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. महादेवी फोन मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी गळ्याच्या रुमालावर पडू नये म्हणून तिनं मान वर केली.

"दीड वर्ष हेच चाललंय," गौरी मला आत नेऊन म्हणाली. "मी सांगते म्हटलं तर आई नाही म्हणते. तिला स्वतः सांगायचं आहे."

मला स्टुडिओचा कागद आठवला. त्या वेळी मी बरोबर होते, आजही तसंच वाटतं. पण समोर बसलेली बाई स्टुडिओ नव्हती. मी बाहेर आले आणि म्हणाले, "रजया काढ."

दारं-खिडक्या लावून, भिंतींना रजया टांगून आम्ही बसलो. गौरीनं वाक्यं दिली होती, ती मी वाचायला घेतली. "मला असं वाटतं की आज थंडी जास्त आहे." महादेवीनं हात वर करून थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, "आज लई थंडी पडलीया." मी तसं म्हणाले. तिनं मान हलवली. जमलं नाही. पुन्हा म्हणाले. पुन्हा मान हलली. आयुष्यभर मी माझ्या शुद्ध उच्चारांवर जगले, आणि इथं मुकी झालेली बाई माझे उच्चार दुरुस्त करत होती.

अर्धा तास असाच रखडला. मग महादेवीनं गौरीचा कागदच बाजूला टाकला आणि पाटीवर लिहिलं, "मेसची डाळ."

हॉस्टेलच्या मेसची डाळ! त्या डाळीत एकदा पळीच सापडली होती, आणि महादेवीनं ती पळी घेऊन वॉर्डनच्या खोलीवर मोर्चा नेला होता. मी सांगायला लागले. सांगता सांगता "मग आमी सगळ्याजणी निगालो की" असं निघून गेलं आणि माझं मलाच कळलं नाही. पुढं सगळं तसंच येत गेलं. बाटलीचं बूच निघावं तसं. मला हसू आवरेना. महादेवीचे खांदे गदागदा हलत होते, आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गौरीनं हाताच्या खुणेनं सांगितलं, थांबू नका, सगळं येऊ द्या.

येळवस

शेत लातूरपासून अर्ध्या तासावर. रस्ताभर माणसांनी भरलेले टेम्पो आणि डोक्यावर आंबिलीची मडकी घेतलेल्या बाया. ज्वारी कमरेच्या वर आलेली, करडईला काटे धरलेले, हरभऱ्याला घाटे. कोपीत लक्ष्मी मांडली होती. पूजा झाली, महादेवीच्या नवऱ्यानं मडकं घेऊन आंबील शिंपडत कोपीला फेऱ्या घातल्या आणि सगळ्यांनी दर येळवशीची, कानडी-मराठी मिसळलेली आरोळी ठोकली. शेजारच्या शेतातून तशीच आरोळी परत आली. महादेवी नुसती उभी होती.

जेवणात भज्जी होती. आमच्याकडची भज्जी म्हणजे तळलेली नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, ज्वारीच्या पिठाची ताकातली थंडगार आंबील. पुण्यात हे कुणाला सांगून कळत नाही. दुसरा वाडगा आंबील मी उभ्यानंच प्यायले.

जेवणं झाल्यावर गौरीनं फोन आईच्या हातात दिला. "झालंय," एवढंच म्हणाली. तुरीच्या बांधावर आम्ही तिघी बसलो. महादेवी टाइप करत होती, किती तरी वेळ. मग तिनं शांताबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. रेंजची एकच काडी दिसत होती. मी डोळे मिटले. ज्या यंत्राच्या नावानं मी दीड वर्ष बोटं मोडली, ते आता चालू दे, एवढ्या एका फोनापुरतं तरी चालू दे, असं मी कोपीतल्या लक्ष्मीला म्हणत होते.

"हालो?" शांताबाई.

आणि फोनमधून मी बोलले. म्हणजे मी नाही. माझा आवाज, पण जरा सपाट, एकाच वेगाचा. "अक्का, मी म्हादी बोलायले."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कोन बोलायलंय?" शांताबाईंचा आवाज घाबरा झाला होता. "चेष्टा कराय लागलाव का म्हातारीची?"

महादेवीनं टाइप केलं. "चेष्टा न्हाई अक्का. फोन बोलतोय, लिवायले मी. तुज्या पोरीचं लगीन व्हतं. हळद लागली व्हती. तवा मला कळलं. तुला सांगितलं असतं तर तू मांडवात रडली असतीस. म्हनून गप बसले. मग सांगू सांगू म्हनत सा म्हैने गेले, आन आवाजच गेला. तू परकी न्हाईस. तूच एकली हाईस मला."

माझा आवाज हे बोलत होता आणि मी तोंड बंद करून ऐकत होते. मला भीती वाटली, हे लपवत नाही. माझ्या गळ्यातून न निघालेले शब्द माझ्याच आवाजात जगात हिंडत होते. आज म्हादीचे, उद्या कुणाचे? आणि त्याच वेळी हातावर काटा आला होता, आणि तो काही भीतीचा नव्हता.

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग शांताबाई म्हणाल्या, "आवाज त्या सुलीचा हाय. उदगीरला सुट्टीत यायची ती. पर बोलनं तुजंच हाय, भवाने." आणि मग आवाज चढला. "पोरीच्या लगनात रडले असते तर रडले असते! तुला कोनी शानपना शिकविला? लगीन मोठं का तू मोठी? सांग की! बोल आता!"

महादेवी भराभरा टाइप करायला लागली. शांताबाईंना दम नव्हता. "अगं बोल की लौकर! मेलीस का काय?"

"थांब की जरा! लिवायले!" माझा आवाज म्हणाला, आणि आम्ही तिघीही हसलो. पलीकडून शांताबाईही रडत रडत हसल्या. त्यानंतर त्या दोघी पाऊण तास भांडल्या. जुनं सगळं निघालं, आईच्या पाटल्यांपासून मशेरीपर्यंत. दोनदा फोन कटला, दोनदा लावला.

मी आणि गौरी उठून ज्वारीच्या कडेनं चालत गेलो. गौरीनं विचारलं, "मावशी, आता काय वाटतं? हे चालावं की बुडावं?"

मी तिला खरं ते सांगितलं. माझं काम गेलं त्याचा राग गेलेला नाही, आणि जायचाही नाही. स्टुडिओवाल्यांना आजही मी सही देणार नाही. तुझ्या मैत्रिणीचं वाईट वाटतंय. पण ते बुडावं असं इथून पुढं मला मागता येणार नाही, कारण त्यात रशीदभाईंचं दुकान आहे, कमलबाईंची हळद आहे, आणि म्हादी आहे. "ते कुणाच्या हातात जातंय त्याची काळजी कर," मी म्हणाले. "तू तिथं आत बसलेली आहेस. मी नाही."

गौरीनं हरभऱ्याचा एक डहाळा उपटला, निम्मा मला दिला. घाटे सोलत आम्ही परत आलो, तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आवराआवर चालली होती. मडकी टेम्पोत चढवली होती. महादेवी फोन पदराला पुसत होती. दमलेली दिसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. उदगीरचाच होता. महादेवीनं स्पीकर लावला.

"ठेवलीस कामून?" शांताबाई ओरडल्या. "माजं बोलून झालं न्हाई अजून!"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. महादेवीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती बांधावर पुन्हा खाली बसली आणि टाइप करायला लागली.